भूछत्र नुसतं वरून बघू नका: कुंडी, लॉन आणि रानातल्या या चुका टाळा

चांगला पाऊस पडून गेला की रात्रीतून लॉनवर छत्र्या उभ्या राहतात आणि सकाळी त्या दिसल्या की आधी हात जातो तो उपटायला. उपटा, हरकत नाही. पण उपटलं ते त्या बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे मातीत आणि कुजत्या लाकडात पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं, आणि ते जागच्या जागी राहतं. भूछत्रांबाबतच्या बहुतेक चुका मातीवर दिसतं तेवढंच बघितल्यामुळे होतात.

लॉनवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बुरशीनाशकाची फवारणी. खाली एखादा जुना बुंधा, मेलेली मुळं किंवा कापलेल्या गवताचा जाड थर कुजत असतो आणि बुरशी तो कुजवून त्यातली अन्नद्रव्यं मातीला परत देत असते. वरून औषध मारून त्या बुंध्यापर्यंत काहीच पोचत नाही. अन्न संपलं की छत्र्या आपोआप थांबतात, मात्र बुंधा मोठा असेल तर त्याला काही वर्षं लागतात. घाई असेल तर लाकूडच खणून काढा. रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी शिंपडण्यापेक्षा सकाळी, भरपूर आणि काही दिवसांच्या अंतराने द्या. छत्र्यांचं गोल कडं पडून तिथलं गवत वाळत असेल, तर बहुधा तंतूंच्या दाट जाळ्यामुळे माती पाणी शोषेनाशी झालेली असते. तिथं बागकामाच्या काट्याने खोल भोकं पाडून पाणी मुरवावं लागतं.

घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल, तर मात्र दिसेल ती छत्री रोज वेचून टाका. हाताला लागून विषबाधा होत नाही. विष पोटात गेल्यावरच बाधतं.

कुंडीत पिवळ्याधमक नाजूक छत्र्या आल्या तर झाडाला धोका नाही, पण त्या खायच्या नाहीत. खतावरची पांढरी जाळी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. कोवळी रोपं मातीलगत मऊ पडून कोलमडायला लागली, तर ती माती पुन्हा पेरणीला वापरू नका. पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) आली म्हणून पान ओलं होऊ न देण्याची धडपडही बरेच जण करतात. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाणी लागतं, भुरीला लागत नाही. तिला दाटी, सावली आणि कोंडलेली दमट हवा मानवते. म्हणून फांद्या विरळ करा.

मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, पंख्याच्या आकाराची बुरशी आली असेल तर नुसती तोडून निश्चिंत होऊ नका. ती बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच कुजलेलं असू शकतं. झाड कोसळण्याआधी जाणकाराला दाखवा.

आता रानातली गोष्ट, आणि इथं चुकीला माफी नाही. किड्याने खाल्लेलं भूछत्र माणसालाही चालतं, शिजवताना चांदीचा चमचा काळा पडला नाही तर विष नाही, नीट उकळलं की विष उतरतं: या तिन्ही समजुती खोट्या आहेत. डेथ कॅप नावाच्या भूछत्रातलं विष उकळून, वाळवून किंवा गोठवून जात नाही. एका छत्रीचा अर्धा भागही मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि खाऊन वाचलेल्यांनी त्याची चव चांगली असल्याचं सांगितलेलं आहे. चवीवर विसंबू नका.

दुसरी चूक देठ वरून कापण्याची. ओळख पटवायची असेल तर सुरीने बाजूची माती सैल करून भूछत्र तळासकट उचला. डेथ कॅपच्या देठाच्या तळाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं, आणि ते मातीत राहिलं तर धोक्याची सगळ्यात मोठी खूण मागेच राहते. याच जातीचं कोवळं भूछत्र अंड्यासारखं गोल असतं आणि खाण्याजोग्या गोल भूछत्रात सहज खपून जातं. प्रत्येक गोळा उभा चिरा. आत छत्रीची आणि देठाची आकृती दिसली की टाकून द्या.

बीजाणूंचा, म्हणजे भूछत्राच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा घ्यायची सवय लावा. देठ काढून छत्री अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर उपडी ठेवा, वर पेला झाका. सकाळी बीजाणूंची भुकटी कागदावर उतरलेली असते. लॉनवर येणारं एक मोठं पांढरट भूछत्र खाण्याच्या जातीसारखंच दिसतं, पण त्याचा ठसा हिरवट पडतो. खाल्ल्यावर काही तासांत जबर उलट्या सुरू होतात. ठसा योग्य आला म्हणून लगेच खाऊही नका: तळ, चिरलेला भाग, ठसा आणि जाणकाराची नजर, सगळं जुळायला हवं. फोटो पाहून नाव सांगणाऱ्या अॅपला मातीखालचं काहीच दिसत नाही.

कुणी संशयास्पद भूछत्र खाल्लं असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. डेथ कॅपचा त्रास साधारण 6 ते 12 तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. मग उलट्या-जुलाब थांबून एखादा दिवस बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा, आणि उरलेलं भूछत्र, साफ करताना काढलेले तुकडे, शिजवलेलं असेल तर तेही कागदात किंवा डब्यात घालून सोबत न्या.