नागपुरी संत्र्याचं व्हिनेगर घरी कसं करावं

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात उतरली की बारीक फळ स्वस्तात मिळतं. व्हिनेगरला तेच घ्या, फक्त सडकं नको. आणि सालं, गूळ, पाणी एका बरणीत कोंबून तीन महिने विसरून जा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यातून फार तर फरशी पुसायचं पाणी होतं.

व्हिनेगर ही दोन वेगळ्या जीवांची दोन वेगळी कामं आहेत. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, त्या कामाला हवा लागत नाही. मग ॲसिटोबॅक्टरसारखे जिवाणू आपल्या एन्झाइमांच्या बळावर त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, आणि हवेशिवाय त्यांचं पानही हलत नाही. दोघांना एकाच झाकणाखाली एकाच वेळी राबवायला गेलं की दोन्ही कामं बिघडतात.

रस काढताना साल, पांढरे धागे आणि बिया पूर्ण काढा. सालीच्या तेलातलं लिमोनीन यीस्टला मारक असतं, तर बिया आणि पांढऱ्या भागामुळे रस काही तासांनी कडू होतो. म्हणून मिक्सर नकोच, फोडी हाताने चाळणीवर चोळा. डब्यातला रस वापरायचा असेल तर त्यात सोडियम बेन्झोएट किंवा सल्फाइट नाही ना, हे आधी वाचा. परिरक्षक घातलेल्या रसात यीस्ट नीट वाढत नाही.

लिटरला ४० ग्रॅम साखर विरघळवा, पाव चमचा कोरडं यीस्ट घाला, काचेच्या बरणीचं झाकण सैल ठेवा. सात ते दहा दिवसांत बुडबुडे थांबतात आणि गोडी जाते. वरचा निवळ रस गाळून घ्या, तळाचा गाळ टाका. साखर याहून जास्त घालू नका, अल्कोहोल फार झालं तर पुढचे जिवाणू दबतात.

आता खरी परीक्षा. या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं, म्हणून सावकाश सांगते.

पहिली गोष्ट विरजण. किराणा दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं, त्यात जिवंत काहीच नसतं. 'मदर'सह, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या पापुद्र्यासह, न तापवलेलं व्हिनेगर आणा आणि चार वाट्या रसाला एक वाटी घाला. हे प्रमाण कमी करू नका. त्यातल्या आम्लामुळेच सुरुवातीचे दिवस बुरशी दूर राहते.

दुसरी गोष्ट भांडं. रुंद तोंडाची काचेची बरणी अर्धीच भरा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम अजिबात नको. तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड दुहेरी बांधा. विरळ मलमलीतून चिलटं आत शिरतात आणि अंडी घालतात.

तिसरी गोष्ट नागपूरचं ऊन. या जिवाणूंना २५ ते ३० अंश मानवतं, ३५ च्या वर ते सुस्तावतात. मार्च सरता सरता आपल्याकडे स्वयंपाकघर त्याहून तापतं. बरणी घराच्या आतल्या, अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कूलरच्या खोलीत ठेवलीत तर थेट झोतात नको. झोताने अल्कोहोल उडतं आणि रसावर धरणारा पापुद्रा हलतो.

आठवड्या-दोन आठवड्यांत रसावर पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा धरतो, पुढे तो जाड आणि बुळबुळीत होतो. हीच मदर. तिला हात लावू नका, बरणी हलवू नका, 'रोज ढवळा' हा सल्ला तर कानाआड करा. पापुद्रा मोडून बुडाला की काम मागे पडतं. वर पांढरा, कोरडा, सुरकुतलेला थर आला तर तो रानटी यीस्टचा. काढून टाका आणि विरजण वाढवा. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेका, वरचं काढून उरलेलं वाचवायचा मोह नको. मधल्या दिवसांत नेलपॉलिशसारखा वास येईल, तो आपोआप जातो.

तिसऱ्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी कडेने स्वच्छ स्ट्रॉ घालून थेंबभर चाखा. दारूचा वास गेला आणि आंबटपणा घशाला चटकन लागला की त्याच दिवशी थांबवा. इथे पुष्कळ जण चुकतात. अल्कोहोल संपल्यावर उपाशी जिवाणू स्वतः केलेलं ॲसिटिक आम्लच खायला लागतात, त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. बघता बघता महिनाभराचं आंबट पाणचट होतं.

गाळून घ्या, वाटीभर न तापवता पुढच्या विरजणाला राखून ठेवा. उरलेलं ७० अंशांपर्यंत, उकळी न येऊ देता, दोन-तीन मिनिटं तापवा आणि बाटल्या गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा.

कोशिंबीर, चटणी, मॅरिनेशन, कशालाही वापरा. वर्षभर टिकवायच्या लोणच्याला मात्र नाही. त्यासाठी साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल हवं, आणि घरच्या व्हिनेगरचा कस जिभेवर कळत नाही. पीएच पट्टीही आम्लाचं प्रमाण सांगत नाही. ते कळायला टायट्रेशन, म्हणजे अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजायची चाचणी, करावं लागतं, आणि ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होतं.