मुंबईतली जुनी गिरणी बघायची असेल तर

गिरणीच्या फाटकात उभं राहिलं की लोकांची नजर आधी कमानींवर, घड्याळावर जाते. मी तिथून सुरुवात करत नाही. गिरणगावातल्या इमारतींची मोजमापं घेऊन आराखडे काढणं हे माझं काम, आणि माझे वडील रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. त्यामुळे मला गिरणी कळली ती मशीनच्या बाजूने. चात्या (सूत कातणाऱ्या फिरत्या सळया) किती आणि त्या फिरवणारं इंजिन कुठे हे आधी ठरायचं, भिंती मग त्याभोवती उभ्या राहायच्या.

म्हणून आधी चिमणी शोधा. बॉयलर तिच्या जवळपासच असणार, कारण धूर जमिनीखालच्या बोगद्यातून चिमणीत जायचा. बॉयलरला लागून इंजिनघर: एकच उंच दालन, मोठ्या खिडक्या. आवारात तळं होतं का, तेही जुन्या नकाशात बघा. इंजिनातून आलेली वाफ थंड करायला ते लागायचं.

आता इंजिनघर आणि मुख्य इमारत जिथे भिडतात तिथे वेळ घालवा. तळापासून वरच्या मजल्यापर्यंत गेलेली एक अरुंद उभी पोकळी तिथे असू शकते. इंजिनाच्या अवाढव्य चाकावरून जाड सुती दोर या पोकळीतून प्रत्येक मजल्यावर जायचे आणि तिथला लांबलचक शाफ्ट, म्हणजे फिरता लोखंडी दांडा, फिरवायचे. शाफ्टवरून पट्टे खाली मशीनवर. पुढे दोरांची भोकं विटांनी बुजवली, तरी भिंतीचा जोड लपत नाही. अशी पोकळी दिसली तर इमारत वाफेच्या काळातली समजायला हरकत नाही. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि मोटारी आल्या तशी दोरांची गरज संपत गेली.

मग खांब. ओतीव बिडाचे, सडपातळ, बहुधा आतून पोकळ. दोन खांबांमधलं अंतर दोन्ही दिशांनी मोजा. ते मशीनची रुंदी आणि कामगाराला फिरायची वाट यांवरून ठरलेलं असतं. खांबाच्या डोक्याशी सपाट पृष्ठ आणि बोल्टची भोकं दिसली, तर शाफ्टचा आधार तिथे होता. अशी भोकं ओळीने आराखड्यावर टिपत गेलात, की शाफ्टची रेघ आपोआप उमटते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. खांब रंगाखाली दडलेला असला तरी बुंध्याशी बोटं फिरवा, कधी ओतशाळेचं नाव हाताला लागतं.

वर बघा. सागवानी तुळया आणि फळ्यांची जमीन असेल, तर आगीची धास्ती किती असेल याची कल्पना येते. हवेत तंतू, यंत्रांना तेल. लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी घातलेल्या दिसल्या, तर ती आगीविरुद्ध केलेली तरतूद. गासड्या फोडून रुई पिंजायचं ब्लो रूम म्हणूनच जाड भिंतीआड असायचं.

सूतकताई मजल्यांवर चाले, विणकाम मात्र बहुधा जमिनीवरच्या एकमजली शेडमध्ये. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम आपटू लागले की मजला हादरतो. या शेडवर करवतीच्या दातांसारखं छप्पर असतं आणि त्याची काच बहुतेक उत्तरेला. थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा दिसतो. खिडक्या बंद ठेवण्यामागेही धागाच: कोरड्या हवेत तो तुटतो. मुंबईची दमट हवा इथे कामी आली, तरी छतालगत पाण्याचे तुषार उडवणारे नळ असायचेच. मालाला मानवणाऱ्या त्या हवेत माणसं पूर्ण पाळी काढत होती. खात्याचं चित्र काढताना हे डोळ्यांआड करू नये.

इतिहासासाठी आधी गिरणीची सगळी नावं गोळा करा. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीसाठी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून अनेक गिरण्यांचे मालक बदलले आणि मालकांबरोबर नावंही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांत गिरणीवार चात्या आणि साचे दिलेले असतात. चात्यांचा आकडा एकदम वाढला तिथे वाढीव बांधकाम शोधा. साच्यांचा रकाना रिकामा असेल तर ती निव्वळ सूतगिरणी.

शेवटी माणसं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा कामावर असलेले कामगार आता साठीच्या पुढे आहेत, हे काम लांबवू नका. काढलेला आराखडा त्यांच्यापुढे पसरा. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की बहुतेकजण संपाबद्दलच बोलतात, आणि ते ऐकायलाच हवं. नंतर विचारा: काका, तुमचं मशीन कुठल्या खांबापाशी होतं? बाबिनी कुठून यायच्या? पाणी कुठे प्यायचात? वाइंडिंग-रिळिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, बायका असायच्या, त्यांना वेगळं भेटा. ही माणसं दाखवतील ती जागा लगेच पेन्सिलीने आराखड्यावर लिहा, आणि खात्याचं नाव त्यांच्या तोंडी असेल तेच ठेवा.