पावसाळाभर उभी राहिलेली सीडी १०० आणि तिचा स्लो जेट

आमची सीडी १०० मिरगाला पडवीत जाते ती खंडेनवमीला बाहेर येते. अण्णांनी १९८९ साली घेतलेली, ९७.२ सीसीची हिरो होंडा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीकडे येणारा कच्चा रस्ता पावसात चिखलाने भरतो, म्हणून चार महिने तिला विश्रांती. दसऱ्याला झेंडूची माळ चालत्या गाडीलाच घालायची हा अण्णांचा दंडक, त्यामुळे आदल्या दिवशी मी पडवीत गोणपाट पसरून बसतो.

दुखणं दर वर्षी तेच. चोक लावला की गाडी पकडते, चोक काढला की बंद पडते. चोक लावल्यावर हवा कमी जाते, त्यामुळे मिळेल तेवढ्या पेट्रोलवर इंजिन तग धरतं. चोक काढला की हवा पुरती येते, पेट्रोल मात्र तेवढंच. असं झालं की कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलाय असं समजा. स्लो स्पीडला नीट चालून ॲक्सिलरेटर ओढल्यावर मिसिंग करत असेल तर जास्त वेगाला पेट्रोल देणारा मेन जेट बघा. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची, म्हणजे आत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई नीट बसत नाहीये.

किका मारून दमू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि खाली बसतात. कोकणातल्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! टाकीतलंही तसंच निघालं तर ते सगळं काढून ताजं पेट्रोल भरा. एकदा हे सोडून नुसता कार्बोरेटर धुतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

खोलण्याआधी एअर फिल्टरचा डबा आणि नळ्यांची तोंडं बघा. उंदीर फिल्टरमध्ये घर करतात, आणि कुंभारीण माशी ओव्हरफ्लोच्या नळीत मातीचा बूच मारून ठेवते.

आता कार्बोरेटर. वरचं झाकण फिरवून स्लाइड (ॲक्सिलरेटरच्या केबलने वरखाली होणारा दट्ट्या) सुईसकट वर काढा आणि फडक्यात गुंडाळून केबलला लटकती ठेवा. दोन बोल्ट काढले की कार्बोरेटर हातात येतो. हे काम उघड्यावर करा. जवळ चूल नको, विडी नको. वाटीचे स्क्रू मऊ असतात, म्हणून बरोबर मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या.

वाटीच्या तळाशी रोगणासारखा पिवळा चिकट थर दिसेल. पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरतं ते हे, आणि स्लो जेटच्या केसाएवढ्या भोकात हेच साचतं. जेट काढून उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. नसेल तर कार्बोरेटर क्लीनर मारा, अर्धा तास ठेवा, मग वायरीतली तांब्याची एकच तार घालून हलक्या हाताने फिरवा. सुई किंवा टाचणी अजिबात नको. जेट पितळेचा असतो, पोलाद त्याला लगेच खातं. एका मेकॅनिकने टाचणी घालून आमचा जेट रुंद केला होता. वर्षभर गाडी काळा धूर टाकत, पेट्रोल पीत राहिली, तेव्हा मी स्वतः शिकायचं ठरवलं. तुमच्याकडचा स्लो जेट पेचाने निघत नसेल तर जोर लावू नका, जागच्या जागी स्प्रे मारा. आतल्या वाटांना पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा उत्तम, पण त्याआधी फ्लोट आणि रबरी भाग बाजूला काढा. क्लीनर रबरावर पडला तर रिंगा फुगतात आणि खाचेत बसत नाहीत.

फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो बदला.

एअर स्क्रू (कमी वेगाला हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा आणि फेरे मोजून लिहून ठेवा. आमच्या गाडीचे पावणेदोन भरतात. परत बसवताना तेवढेच उघडा, मग इंजिन गरम झाल्यावर थोडं इकडेतिकडे करून ते सर्वांत जोरात आणि एकसारखं चालेल तिथे थांबा. आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न ओढता इंजिन चालतं तो वेग, शेवटी कमी करा.

स्लाइड आत सोडताना तिची खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे. बसली नाही तर ॲक्सिलरेटर उघडाच अडकतो. म्हणून किक मारण्याआधी मूठ दोन-चार वेळा पिळून सोडा. स्लाइड टक्कन खाली आपटल्याचा आवाज आला पाहिजे.

पुढच्या मिरगाआधी कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रू उघडून उरलंसुरलं थेंब थेंब काढा. टाकी मात्र काठोकाठ भरा. मोकळी जागा राहिली की ओलावा शिरतो आणि पत्रा आतून गंजतो. मी झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधतो.