नवा उपचार सुचवला की खर्चाचा हिशोब कसा मांडायचा

कॅन्सरवर नवं औषध सुचवलं की घरचे पहिलं विचारतात, 'एका इंजेक्शनला किती?' हिशोब चुकतो तो इथेच. नवे उपचार खर्च नेहमी कमी किंवा जास्त करत नाहीत. बऱ्याचदा तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलतात. त्यामुळे कागदावर पाच रकाने आखा: तपासण्या, औषध, औषध देण्याचा खर्च (डे-केअर, सलाइन, पोर्ट म्हणजे छातीच्या त्वचेखाली बसवलेली औषध देण्याची डबी), दुष्परिणामांवरचे उपचार, आणि येणं-जाणं व बुडणारा रोजगार. कागदाच्या माथ्यावर लिहा, एकूण किती डोस आणि कधीपर्यंत. हे उत्तर डॉक्टरांकडून मिळेपर्यंत बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

औषधाचा रकाना मिलिग्रॅममध्ये भरा, रुपयांचं नंतर बघू. उदाहरणार्थ, स्तनाच्या कॅन्सरमधलं ट्रास्टुझुमॅब. दर तीन आठवड्यांच्या पद्धतीत पहिला डोस किलोला ८ मिग्रॅ, पुढचे ६. वजन ६० किलो असेल तर आधी ४८० आणि नंतर ३६० चे १७ डोस, म्हणजे वर्षाचे ६,६०० मिग्रॅ. ४४० मिग्रॅच्या १५ व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटल्यांत) हे बरोबर बसतं. पण प्रत्येक वेळी उरलेलं औषध फेकलं तर १९ व्हायल लागतात. ४४० ची व्हायल सोबतच्या जंतुरोधक पाण्यात कालवून फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवली तर २८ दिवस चालते. डोस २१ दिवसांनी असल्यामुळे उरलेलं पुढच्या खेपेला वापरता येतं आणि काम १६ व्हायलमध्ये होतं. मात्र साध्या निर्जंतुक पाण्यात कालवलेलं औषध असं साठवायचं नाही. १५० मिग्रॅची व्हायलही एकदाच वापरायची असते. रुग्णाला बेंझिल अल्कोहोलची (जंतुरोधक पाण्यातल्या घटकाची) ॲलर्जी असेल तर ४४० ची बचतही सोडून द्यावी लागते. साठवण रुग्णालयाच्या फार्मसीतच व्हावी, घरच्या फ्रिजमध्ये नाही.

सगळ्याच औषधांत ही सोय नसते. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमधल्या बोर्टेझोमिबची नेहमीची व्हायल ३.५ मिग्रॅची असते आणि डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.३ मिग्रॅ. पृष्ठभाग १.६ चौरस मीटर असेल तर लागतात २.०८ मिग्रॅ; बाकीचं कचऱ्यात. इथे दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत: त्याच औषधाच्या रुग्णांना एकाच दिवशी बोलावतात का, आणि डोस जवळच्या व्हायलपर्यंत, दहा टक्क्यांच्या आत, पूर्णांकित करतात का.

बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी जवळपास सारखं, दुसऱ्या कंपनीचं औषध) आल्यावर औषधाचा रकाना बराच हलका होतो. दर डोसला ब्रँड आणि बॅच नंबर मात्र लिहून ठेवा, रिॲक्शन आली तर शोध तिथूनच लागतो. ट्रास्टुझुमॅबचं त्वचेखालचं इंजेक्शन ६०० मिग्रॅच्या ठरावीक डोसात पाचेक मिनिटांत होतं, वजन काहीही असो. म्हणजे डे-केअरचा वेळ वाचतो, पण कमी वजनाच्या रुग्णाला शिरेतून दिलेलं बायोसिमिलर स्वस्त पडू शकतं. दोन्हींचे रकाने शेजारी भरून पाहा. आणखी एक सावधगिरी: ट्रास्टुझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब एम्टॅन्सीन ही वेगळी औषधं आहेत, डोसही वेगळे. बिल आणि व्हायलवरचं पूर्ण नाव जुळवूनच घ्या.

इम्युनोथेरपीत (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारांत) डोसाची पद्धतच खर्च ठरवते. पेम्ब्रोलिझुमॅब तीन आठवड्यांनी २०० किंवा सहा आठवड्यांनी ४०० मिग्रॅ देतात. औषध तेवढंच, फेऱ्या निम्म्या. किलोला २ मिग्रॅ या हिशोबाने ६० किलोच्या माणसाला १२० पुरतात. डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांना निव्होलुमॅब फक्त २० मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी हे इम्युनोथेरपीचं औषध जोडल्याने आयुष्य वाढल्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. हा आकडा दुसऱ्या कॅन्सरला चिकटवू नका. प्रश्न विचारा, डोस स्वतः कापू नका.

तपासणीआधी एकच प्रश्न: रिपोर्टमुळे उपचार बदलणार का? हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) आणि काखेतल्या गाठींत न पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये २१ जनुकांच्या चाचणीचा (कॅन्सर उलटण्याचा धोका सांगणारा) स्कोअर ११ ते २५ आला तर पन्नाशीपुढच्या बहुतेक स्त्रियांना केमोचा जास्तीचा फायदा होत नाही, हे २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. तिथे चाचणीचा पैसा केमोच्या रकान्यातून वसूल होतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये उलटी चूक होते: स्वस्त म्हणून एकेक जनुक तपासत राहायचं, तोवर बायॉप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) संपतो आणि पुन्हा सुई टोचावी लागते. पॅथॉलॉजिस्टला आधीच विचारा, ब्लॉकमध्ये पुरेशा गाठीच्या पेशी आहेत का.

रेडिएशनमध्ये शेकांची संख्या घटते आहे. स्तनाला ४० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) १५ शेकांत, तर निवडक रुग्णांना २६ ग्रे आठवड्याभरात ५ शेकांत. दर शेकाचा भाव वाढलेला दिसला तरी एकूण पॅकेज पाहा, आणि बूस्ट (गाठीच्या जागेला दिलेला जादा शेक) वेगळा आहे का ते विचारा. हाडातल्या दुखण्यासाठी एकच ८ ग्रेचा शेक अनेकदा पुरतो. पुन्हा द्यायची वेळ मात्र जास्त येते, तेवढी तरतूद ठेवा.

गोळ्यांनी डे-केअर वाचतं, पण माथ्यावरचं 'कधीपर्यंत' लांबतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) दीर्घकाळ खोल प्रतिसाद, म्हणजे रक्तात आजाराचा अंश जवळपास न सापडणं, टिकला तर गोळी थांबवून पाहतात. साधारण निम्म्यांना ती पुन्हा लागत नाही. सुरुवातीचे महिने दर महिन्याची पीसीआर (रक्तातला आजाराचा अंश मोजणारी) तपासणी तपासण्यांच्या रकान्यात घाला, ती चुकवून गोळी थांबवणं धोक्याचं.

कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणं, ही २०१७ पासून वापरात असलेली पद्धत, नावाला एकच इन्फ्युजन. त्या इन्फ्युजनपूर्वी पेशी गोळा करणं, पेशी तयार होईतोवरची केमो. नंतर आयसीयूची शक्यता, टोसिलिझुमॅब (तीव्र रिॲक्शन आवरणारं औषध), कधी महिनोन्महिने इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गापासून बचावाची प्रतिपिंडं). पॅकेज कोणत्या दिवशी संपतं ते लेखी घ्या.

प्रत्येक स्कॅननंतर कागद नव्याने मांडा. पुढच्या सगळ्या डोसांची औषधं आगाऊ घेऊ नका: उपचार मध्येच बदलला तर न उघडलेल्या व्हायल परत घेतात का, हे पहिल्याच बिलावर विचारून ठेवा.