काचेवर आदळलेल्या नवरंगाला कसे सांभाळावे

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडून गेल्यावर किंवा जूनच्या पहिल्या सरींच्या सुमारास पुण्यातील एखाद्या फ्लॅटच्या गॅलरीत, अगदी काचेच्या खाली, हिरव्या पाठीचा, शेपटीखाली लालभडक आणि डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला, आखूड शेपटीचा एक पक्षी पिसे फुगवून निमूट बसलेला आढळतो. हा नवरंग होय. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो पावसाळ्यात विणीसाठी उत्तरेकडे सरकतो आणि हा प्रवास रात्री करतो. एरवी झाडोऱ्यात जमिनीवरचा पाचोळा उलटून किडे टिपणारा हा पक्षी तिसऱ्या मजल्यावर आला असेल, तर बहुधा तो थकलेला असतो, शहरातील दिव्यांनी भरकटलेला असतो किंवा काचेतील झाडाच्या प्रतिबिंबाला खरे झाड समजून आदळलेला असतो.

प्रथम पंखा बंद करावा, घरात मांजर असल्यास तिला दुसऱ्या खोलीत कोंडावे आणि मुलांना गॅलरीपासून दूर बसवावे. त्यानंतर पाच-दहा मिनिटे लांबूनच पाहावे. पक्षी सरळ उभा असेल आणि मान वळवून इकडेतिकडे पाहत असेल, तर त्याला हात न लावणे हेच उत्तम, कारण अशा वेळी तो बहुधा आपण होऊन उडून जातो. तो आडवा पडला असेल, डोळे मिटत असेल किंवा कावळ्यांनी त्याला हेरले असेल, तरच उचलावा.

उचलण्यासाठी सुती पंचा किंवा जुना मऊ टॉवेल घेऊन तो पक्ष्यावर अलगद टाकावा आणि दोन्ही पंख अंगालगत राहतील अशा बेताने त्याला ओंजळीत घ्यावे. छाती मात्र दाबू नये. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलवूनच तो हवा आत-बाहेर करतो, त्यामुळे घट्ट मुठीत धरलेला पक्षी गुदमरतो. शिक्रा किंवा घुबड असेल, तर नख्यांमुळे खोल जखम होऊ शकते. तेथे स्वतः धाडस न करता जाणकारांनाच बोलवावे.

बुटांच्या खोक्याला आधीच लहान छिद्रे पाडून तळाशी कापड अंथरावे, पक्ष्याला त्यात ठेवून झाकण लावावे आणि खोका उन्हापासून व आवाजापासून दूर, सावलीच्या खोलीत ठेवावा. अंधारात पक्षी शांत होतो आणि धक्क्यातून सावरण्यास त्याला अवधी मिळतो. वरवर पाहता काहीच न करण्याचा हा भाग सर्वांत कठीण असतो, कारण तहानेने व्याकूळ झाला असेल या कळकळीने आपण त्याच्या चोचीत पाणी सोडू पाहतो. तसे कधीही करू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि अर्धवट शुद्धीतील पक्ष्याच्या चोचीत सोडलेले पाणी थेट तिकडे उतरू शकते. दूध, भिजवलेली पोळी, भात यांपैकी काहीही देऊ नये. छायाचित्रासाठी झाकण उघडणेही टाळावे, कारण माणसाचा चेहरा त्याला शिकाऱ्याचाच वाटतो.

साधारण तास-दोन तासांनी आतून खडखड ऐकू येऊ लागल्यावर खोका सोसायटीच्या बागेत, झुडपांजवळ आणि काचांपासून दूर नेऊन जमिनीवर ठेवावा, झाकण उघडावे आणि मागे सरकावे. पक्ष्याला हवेत फेकू नये. तोवर अंधार पडला असेल, तर त्याला रात्रभर खोक्यातच राहू द्यावे आणि उजाडताच सोडावे.

एक पंख लोंबत असेल, मान वाकडी झाली असेल, रक्त येत असेल किंवा दोन तासांनंतरही तो उभा राहत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा; वनविभागाच्या सहकार्याने चालणारे वन्यप्राणी उपचार केंद्र बावधन येथे आहे. मांजराने पकडलेल्या पक्ष्यावर जखम दिसत नसली, तरी मांजराच्या लाळेतील जंतूंमुळे त्याला उपचार लागतातच. बरा होईपर्यंत आपणच सांभाळू, हा विचार कितीही मायेचा असला तरी मनातून काढावा. नवरंगासारखा वन्य पक्षी घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे.

पक्षी गेल्यावर त्याच दिवशी त्या काचेकडे लक्ष द्यावे. ससाण्याच्या आकाराचे एकच चित्र चिकटवून विशेष उपयोग होत नाही, कारण पक्षी ते टाळून उरलेल्या काचेवर आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला, सर्व पृष्ठभागावर, आडवे-उभे सुमारे ५ सेंटिमीटर अंतर ठेवून पांढरे ठिपके लावावेत. ठिपके आतून लावले, तर प्रतिबिंब तसेच राहते. ते जमत नसेल, तर जून महिन्यापुरती बाहेरून कबुतरांची जाळी ताणून बसवावी आणि रात्री गॅलरीतील दिवा मालवावा.