आधी माती भिजू द्या : पीव्हीए-बेंटोनाइटची फिल्म

मे महिन्यात आमच्या काळ्या रानात इतक्या रुंद भेगा पडायच्या की पाय अडकायचा. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटायच्या. त्या मातीला फुगवणारं मॉन्टमोरिलोनाइटच्या गटातलं खनिज आज मी प्रयोगशाळेत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळते आणि त्याची ओलावा अडवणारी पातळ फिल्म करते. त्याचे थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड, आणि पापडांच्या चळतीसारखे एकावर एक बसलेले. सगळी मेहनत ते पापड सुटे करण्याची आहे. ते चिकटलेलेच राहिले, तर तुम्ही प्लास्टिकमध्ये नुसती माती कालवली.

शेतातली माती मात्र घेऊ नका, तिच्यात इतर बरंच काही असतं. कच्छमधून येणारं सोडियम बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः याच खनिजाची माती, घ्या. ते खरंच फुगतं का, हे आधी पाहा: मोजपात्रात १०० मिली डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात २ ग्रॅम पूड चिमटी-चिमटीने सोडा. चांगली पूड दुसऱ्या दिवशी २४ मिलीच्या खुणेपर्यंत किंवा वर येते. पूड उडते, तिच्यात सिलिकाही असते, म्हणून मास्क लावा.

आता १ लिटर डिस्टिल्ड वॉटर ढवळत ठेवून त्यात १० ग्रॅम पूड थोडी थोडी भुरभुरवा आणि रात्रभर ढवळू द्या. पाणी डिस्टिल्डच हवं. एकदा मी घाईत बोअरचं पाणी वापरलं, तर तासाभरात दूध नासावं तशी माती फाटून तळाशी बसली. जड पाण्यातलं कॅल्शियम थरांना पुन्हा एकत्र खेचतं. रात्रभर ढवळलेलं पाणी ८ तास हलवू नका. रेती खाली बसेल. वरचं १० सेंटिमीटर गढूळ पाणी नळीने अलगद काढा. तेच आपलं द्रावण.

त्यात माती किती उरली, हे अंदाजाने ठरवू नका. १० मिली द्रावण १०५ अंशांवर सुकवून वजन करा. माझं गेल्या वेळी ०.०८ ग्रॅम भरलं. ५ ग्रॅम पीव्हीएमागे ०.१५ ग्रॅम माती, म्हणजे ३ टक्के, हवी असेल तर या हिशेबाने साधारण १९ मिली द्रावण लागतं.

पीव्हीए गार पाण्यातच टाका. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. ९५ मिली पाण्यात ५ ग्रॅम टाकून, ढवळत, वॉटर बाथवर ९० अंशांपर्यंत न्या. भांडं झाकलेलं ठेवा, नाहीतर साय धरते. आटलेलं पाणी वजन करून भरून काढा. द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की मातीचं द्रावण बारीक धारेने सोडा आणि २-३ तास हळू ढवळा. जोरात ढवळलं की फेस होतो. मग रात्रभर ठेवा, बुडबुडे वर येऊन फुटतील.

९ सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये २० मिली ओता. काचेला फिल्म चिकटते. टेबल पाणसळ लावून सपाट करा, नाहीतर एक कड जाड होते. ४० अंशांवर दोन दिवसांत सुमारे ०.१ मिलिमीटरची फिल्म निघते. सोबत मातीऐवजी १९ मिली पाणी घातलेली साधी फिल्मही करा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

फिल्म छापील कागदावर ठेवा. अक्षरं स्वच्छ दिसली तर थर बरेच सुटलेत. पांढरे कण दिसले तर कुठेतरी घाई झाली. क्ष-किरण विवर्तनाची (थरांमधलं अंतर दाखवणाऱ्या चाचणीची) सोय असेल तर तांब्याच्या क्ष-किरणांवर काढलेल्या आलेखात ७ अंशांच्या आसपासचं मातीचं ठळक शिखर पाहा. ते डावीकडे सरकलं की थरांमध्ये पॉलिमर शिरलाय.

नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन वितळवून हेच करायचं तर वेगळी, सेंद्रिय क्षार लावलेली माती लागते. टोयोटाच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात नायलॉन-६मध्ये हे साधलं आणि पुढे गाडीच्या टायमिंग बेल्टचं कव्हर त्यातून बनलं. तो क्षार २०० अंशांच्या आसपास फुटू लागतो, म्हणून एक्स्ट्रूडरचं, म्हणजे प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्राचं, तापमान सांभाळा.

आपल्या फिल्मचा उपयोग कोरड्या जागीच, कारण पाण्यात ती विरघळते. तपासायला दोन सारख्या बाटल्यांत ओलावा शोषणारं सिलिका जेल सारखंच भरा, तोंडावर एकेक फिल्म घट्ट बसवा, कडा मेणाने बंद करा आणि रोज ठरलेल्या वेळी वजन टिपा. मातीचे पसरलेले थर ओलाव्याला वळसे घ्यायला लावतात, म्हणून मातीची फिल्म लावलेल्या बाटलीचं वजन सावकाश वाढायला हवं. दोन्ही फिल्मची जाडी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजून वहीत आधीच लिहून ठेवा.