जुने आऊटबोर्ड इंजिन घेताना खालचा स्क्रू दोनदा उघडावा

1 जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून मे महिन्याच्या शेवटी होड्या वर ओढल्या जाऊ लागतात, आणि त्याच दिवसांत जुनी आऊटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची इंजिने, विक्रीला निघतात. दोन वर्षांपूर्वी मी देवगडच्या बाजूला 40 अश्वशक्तीचे एक टू-स्ट्रोक इंजिन असेच पाहून, चालवून घेतले आणि हंगाम सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच त्याचे गिअर गेले. वरचे सगळे मी नीट तपासले होते. खालच्या गिअरबॉक्सचे तेलही पाहिले होते, पण एकदाच, इंजिन चालवण्यापूर्वी; चालवून झाल्यावर ते पुन्हा पाहायचे राहिले. आता भाच्याला इंजिन घ्यायचे आहे, म्हणून त्याच्या हाती देण्यासाठी ही यादी लिहीत आहे.

निघण्यापूर्वी आपल्या होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून घ्यावी. साधारण 15 इंचांच्या फळीला आखूड शाफ्टचे आणि 20 इंचांच्या फळीला लांब शाफ्टचे इंजिन लागते. चुकीच्या मापाचे इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी उपयोगाचे नाही. सोबत स्पार्क प्लगचा पाना, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचे गेज, बॅटरी, पांढरा कागद, गिअर ऑइलची एक ट्यूब, गिअरबॉक्सच्या स्क्रूंचे नवे वॉशर आणि रुंद पात्याचा दणकट स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. हा स्क्रू-ड्रायव्हर विसरू नये. तो नसला की "राहू द्या, तेल कालच बदललंय" हे ऐकून घ्यावे लागते. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच निक्षून सांगावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि पोहोचल्याबरोबर कव्हर काढून सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर थंड इंजिन किती ओढीत सुरू होते हे त्या दिवशी कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा क्रमांक वाचावा आणि कागदांशी जुळवावा. पट्टी खरवडलेली किंवा काढलेली असेल तर तिथूनच परत फिरावे, कारण चोरीच्या इंजिनाचा व्यवहार अंगाशी येतो. नव्या रंगाला भुलू नये. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्ले की रंगाखाली फोड येतात, ते बोटाने चाचपून कळतात. बोल्टच्या डोक्यांभोवती आणि कव्हरच्या आत, जिथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही, तिथे बॅटरी मारून पाहावे. झिंकचा तुकडा झिजलेला असणे चांगले, कारण धातूऐवजी झिजणे हेच त्याचे काम आहे. तो अजिबात शिल्लक नसेल किंवा त्यावर कोणी रंग फासला असेल, तर ती झीज दुसरीकडे झाली आहे असे समजावे.

आता गिअरबॉक्सचा खालचा, तेल काढायचा स्क्रू, पहिल्यांदा. इंजिन उभे ठेवून, वरचा स्क्रू घट्ट असताना फक्त खालचा सावकाश सैल करावा, म्हणजे तेल भसकन न येता थेंबाथेंबाने येते. पहिले चार थेंब कागदावर घ्यावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि आत असेल तर सर्वांत आधी तेच बाहेर पडते. तेलात घुसळले गेले असेल तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसते. बोटांवर चोळून कण लागतात का तेही पाहावे: करडी, मऊ मळी चालते, टोचणारा कीस चालत नाही. माझ्या कागदावर पडलेले तेल मधासारखे स्वच्छ होते आणि मी निर्धास्त झालो. ते आदल्या संध्याकाळी भरलेले होते, हे मला नंतर समजले. स्वच्छ तेलावरून एवढेच कळते की तेल नवे आहे. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरू न देणारे शाफ्टवरचे सील धड आहे की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही. सील कशाने जाते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, पंख्यात अडकलेले तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळत जाते आणि सीलची कड कापते. म्हणून पंखा उतरवायला लावून मागे तंगुसाचे वेटोळे आहे का ते पाहावेच.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढावेत, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला लावाव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. गेजगणिक आकडा थोडाफार बदलतो, त्यामुळे दोन सिलिंडरांमधला फरक अधिक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांहून जास्त असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च गृहीत धरावा. काढलेले प्लगही पाहावेत. एक काळपट-तपकिरी आणि दुसरा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या स्वच्छ प्लगच्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे.

इंजिन कोरडे कधीही सुरू करू देऊ नये, "दोन सेकंदच" म्हटले तरी नाही. आतला रबरी इम्पेलर (थंड करणारे पाणी खेचणाऱ्या पंपाचे चक्र) पाण्यावाचून लगेच खराब होतो. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार आली पाहिजे. ती नसेल तर आधी भोकात तार घालून पाहावी, कारण तिथे मीठ साचते, कधी कुंभारमाशी घर करते. धार चांगली आहे म्हणजे पंप चालतो, एवढेच. सिलिंडरभोवतीच्या वाटा मिठाने बुजलेल्या असू शकतात. इंजिन तापल्यावर सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. ते चर्रर्र करून उडाले तर इंजिन थंड होत नाही.

ड्रममध्ये चालवून दाखवलेले इंजिन तपासले असे म्हणता येत नाही. होडीला लावून, तीन-चार माणसे बसवून, निदान अर्धा तास समुद्रात न्यावे आणि त्यातली काही मिनिटे पूर्ण वेगाने चालवावे. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात कमाल वेगाच्या फेऱ्या 4,500 ते 5,500 दिल्या होत्या. आवाज चढतो पण होडी पुढे सरकत नाही असे झाले, तर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरत असतो. जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटला तर पुढे काही पाहायची गरज नाही. मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. थंड असताना चालणारी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तापल्यावर दगा देऊ शकते. केरोसीनचे इंजिन असेल तर ही फेरी केरोसीनवरच करावी.

आणि परत आल्यावर खालचा स्क्रू दुसऱ्यांदा उघडावा. भरती उतरत असते, अंधार पडत असतो, सगळे दमलेले असतात, विकणारा चहा मागवतो आणि मन आधीच होकार देऊन बसलेले असते. मी इथेच चुकलो. शक्य असेल तर इंजिनाचा खालचा भाग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि सकाळी उघडावे. ते जमत नसेल तर निदान तासभर थांबून उघडावे. पुन्हा पांढरा कागद, पुन्हा पहिले चार थेंब. त्यांत पाण्याचा एक थेंब दिसला किंवा सकाळचे मधासारखे तेल गढूळ झाले असेल, तर सील गेले आहे. विकणारा नाराज झाला तरी चालेल, पण दुसऱ्यांदा उघडल्याशिवाय विसार देऊ नये. मिस्त्री सोबत असेल तर त्याला तेल काढून गिअरबॉक्समध्ये 10 पौंडांच्या आसपास दाबाने हवा भरायला सांगावे. दाबाच्या गेजचा काटा काही मिनिटे जागचा हलता कामा नये. तेल परत भरताना ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे आणि वॉशर नवे घालावेत.

बाकीचे थोडक्यात: पंखा फिरवून शाफ्ट वाकडा नाही ना ते पाहावे. क्लॅम्पचे स्क्रू हाताने फिरावेत. स्टिअरिंग अडकू नये. पेट्रोलच्या नळीतला फुगा दाबल्यावर कडक झाला पाहिजे. टाकी जुनी असली तरी चालेल. पावतीवर इंजिनाचा क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. होडीच्या नोंदणीत इंजिन बदलल्याची नोंद लगेच करून घ्यावी. घरी आणल्यावर दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवावे, आणि इम्पेलर चांगला दिसला तरी नवा घालावा.